इंदूर ते दुबई, खसखस वगळून

इंदूर-दुबई थेट विमान सप्टेंबर २०२१मध्ये पुन्हा सुरू झालं आणि नणंदेचा फोन आला, "दिवाळीला इकडेच या." ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारी निघालो. मी, हे, सासूबाई (६८), मुलगी १३ वर्षांची, मुलगा ४.

तेव्हा जाणाऱ्यांना आधी एक गोष्ट ठरवावी लागायची: ऐनवेळी एकजण कोरोना पॉझिटिव्ह निघाला तर त्याच्याजवळ कोण थांबणार? दुबईसाठी ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर लागायचा, शिवाय विमान सुटण्याआधीच्या ६ तासांत विमानतळावर रॅपिड पीसीआर. म्हणजे बॅगा भरून, निरोप घेऊन झाल्यावरही परत फिरायची वेळ येऊ शकायची. आम्ही आदल्या रात्री जेवताना ठरवलं. आईंना निघाला तर हे थांबणार, मुलीला निघाला तर मी. "मला निघाला तर कोणी थांबू नका, शेजारच्या काकू आहेत," असं आईंनी तीनदा सांगितलं आणि तीनदाही कोणी ऐकलं नाही. तिकिटंही दोन वेगळ्या पीएनआरवर काढली, म्हणजे काहींची तारीख बदलताना सगळ्यांची उलथापालथ नको. प्रत्येकाची बॅग, औषधं आणि कागद स्वतंत्र.

रिपोर्ट हातात आला की तिथेच वाचायला हवा होता. आईंच्या पासपोर्टवर मधलं नावही आहे, लॅबने फक्त नाव-आडनाव छापलं. संध्याकाळी चहा घेताना मुलीच्या लक्षात आलं. ह्यांनी स्कूटर काढली, लॅबचं शटर अर्धं खाली आलेलं! क्यूआर कोडसुद्धा आपल्या मोबाइलवर स्कॅन करून बघितला, रिपोर्ट उघडायला हवा होता. लशीच्या सर्टिफिकेटला कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर पासपोर्ट नंबर जोडून घेतला.

आता फराळ. आईंनी अनारसे केले होते, वर भरघोस खसखस. यूएईत खसखस नेणं गुन्हा आहे, थोडीशीसुद्धा, हे मला निघायच्या दोन दिवस आधी कळलं. आई म्हणाल्या, "खसखस म्हणजे काय अफू आहे का?" झाड तेच आहे, हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. तो डबा शेजारी गेला आणि उरलेल्या पिठाचे अनारसे तिळावर थापले.

विमानतळावर रॅपिडचा निकाल येईपर्यंत आम्ही कोणी एकमेकांशी बोललो नाही. चौघे निगेटिव्ह (मुलाला चाचणीतून सूट होती). दुबईत उतरल्यावर पुन्हा स्वॅब, आणि निकाल येईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. तेवढ्यात नणंदेने डबा उघडून विचारलंच, "खसखस कुठाय?"

तेव्हा दुबईत एक्स्पो २०२० हे जागतिक प्रदर्शन भरलं होतं (ते मार्च २०२२मध्ये संपलं), तिथेही गेलो. मेट्रो थेट दारात न्यायची. १८च्या आतल्यांना आणि ६०च्या वरच्यांना प्रवेश फुकट होता, त्यामुळे पाचांत तिकीट लागलं ते आम्हा दोघांनाच. मोठ्यांना लशीचा किंवा निगेटिव्ह रिपोर्टचा पुरावा दाखवावा लागायचा. मास्क दिवसभर, म्हणून जास्तीचे घेतले होते, घामाने भिजायचे.

परतताना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर आणि एअर सुविधा या सरकारी पोर्टलवर फॉर्म लागला. फॉर्म निघायच्या दिवसावर ठेवला नाही. इंदूरला पोचल्यावर १४ दिवस स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं होतं, एवढंच.

लहान मुलांना चाचणीतून सूट होती: जाताना १२ वर्षांखालच्यांना, येताना ५ वर्षांखालच्यांना. मुलीने हिशेब ठेवलाय, तिचे स्वॅब चार, भावाचा एकही नाही. घरी ते भांडण अजून मिटलेलं नाही.