तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या टीममध्ये वाढदिवस का होत नाहीत

वाढदिवस नाहीत, आउटिंग नाही, शुक्रवारचे खेळ नाहीत. मग तुमच्या लोकांना आपलेपणा वाटणार कसा? एचआर विचारतं, नवीन आलेले विचारतात, शेजारच्या विभागाचे मॅनेजर तर दर तिमाहीला विचारतात. आजवर मी "वेळच मिळत नाही" म्हणून टाळलं. ते खरं नव्हतं.

मला माणसांची आवड नाही, असं मात्र कुणी समजू नका. सहा वर्षं हे सगळं मीच करत होते, तेही मनापासून. कुणाचा वाढदिवस कधी, मुलांची नावं काय, कुणाच्या आईचं ऑपरेशन कोणत्या तारखेला, सगळं माझ्या वहीत असायचं.

आमच्याकडे एक जण दर सोमवारी अकराच्या आत एक रिपोर्ट पाठवायचा. चार ठिकाणचे आकडे मागवायचे, जुळले नाहीत की फोन करून चूक शोधायची, मग सगळं एका शीटमध्ये मांडायचं. त्याचा अख्खा शुक्रवार त्यात जायचा, कधी रविवारची संध्याकाळही. त्याने राजीनामा दिला. हँडओव्हरला बसलो तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, हा रिपोर्ट कुणाला शिकवू?"

मी सहज बोलून गेले, "राहू दे, तो आता लागत नाही."

"आता म्हणजे कधीपासून?"

चौदा महिन्यांपासून. ज्या साहेबांसाठी तो सुरू झाला ते दुसरीकडे गेले होते आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी तो कधी उघडलाच नाही. मला ते माहीत होतं. बोलले असते तर त्याला दुसरं काय काम द्यायचं हे शोधावं लागलं असतं. टीममधली एक जागा कमी करा, असंही वरून आलं असतं. त्याची नोकरी टिकावी म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. त्यात तथ्य आहे, आजही मी ते नाकारणार नाही. पण ते अवघड बोलणं मला नको होतं, हेही तितकंच खरं.

तो चिडला नाही. म्हणाला, "मार्चमध्ये मुलीला ताप होता, तेव्हा रात्री बसून दोन आकड्यांतला फरक शोधला होता." मग पुढची फाइल उघडली. त्या मुलीचं नाव माझ्या वहीत होतं. दुपारी त्याच्या निरोपाला मी उभी राहून बोलले, तू आमच्या घरचाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो खाली बघत होता.

नंतर मी या विषयावर वाचत गेले. कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारे विल्यम कान यांनी 1990 साली मांडलं होतं की माणूस कामात जीव ओततो तो तीन गोष्टींवर: कामात अर्थ वाटणं, मोकळं वागलं तर अंगाशी येणार नाही हा भरवसा, आणि त्यासाठी अंगात उरलेलं त्राण. त्याच क्षेत्रातले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फोनवरून विद्यापीठासाठी निधी मागणाऱ्यांची त्याच निधीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी पाच मिनिटं भेट घडवली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. फक्त पाच मिनिटं! आणि मी सहा वर्षं आउटिंगच्या बसेस ठरवत होते.

आता कुणालाही काम देताना ते कुणाच्या हातात जाणार हे मी सांगते, आणि जमेल तेव्हा त्या माणसाला आमच्यासोबत बसवते. काम कुणी वापरेनासं झालं तर त्याच दिवशी सांगते. हे सुखाचं नाही. अलीकडेच एकीला असं सांगितलं, तर नोकरी राहते की जाते या काळजीने तिला दोन रात्री झोप लागली नाही. दुसरी म्हणाली, "इथे मला कामापलीकडे कुणी ओळखत नाही." तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीची मी म्हणेल, दोन्ही करता येतं की! येतं. पण दोन्ही हाताशी असलं की मी आधी वाढदिवस करते आणि अवघड बोलणं पुढच्या सोमवारवर ढकलते.