कुंग फू पांडा ४: वारस निवडला, पण घरच्यांना न विचारता

'ड्रॅगन वॉरियर' या सर्वश्रेष्ठ योद्ध्याची गादी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची आणि नायक पांडा पोने शांतीच्या खोऱ्याचा आध्यात्मिक गुरू व्हायचं, एवढं 'कुंग फू पांडा ४'चं (२०२४) कथाबीज. ते या मालिकेला शोभणारं आहे. २००८च्या पहिल्या चित्रपटापासून इथे गुरू, शिष्य आणि 'मला का नाही निवडलं?' हाच प्रश्न फिरत आला आहे. तरीही चौथा भाग फसला, आणि माझ्या मते त्याचं मूळ एकाच निर्णयात आहे: टायग्रेस, मंकी, मँटिस, क्रेन आणि वायपर या पोच्या पाचही साथी योद्ध्यांना कथेबाहेर ठेवलं. (पुढे शेवटासकट सगळं सांगितलं आहे. चित्रपट पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

सुरुवातीलाच कळतं की पाचही जण वेगवेगळ्या मोहिमांवर गेले आहेत. नंतर ते दिसतात ते थेट श्रेयनामावलीच्या वेळी, तेही संवादांविना. आता टायग्रेसचा विचार करा. ड्रॅगन वॉरियर व्हायला तिने लहानपणापासून घाम गाळला आणि ऐनवेळी आभाळातून पडलेल्या पांडाची निवड झाली. दुसऱ्या भागात (२०११) तिने त्याचा स्वीकार केला, त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. आणि तोच पो आता शस्त्रं चोरताना सापडलेल्या झेन नावाच्या कोल्हिणीला वारस ठरवतो, तेव्हा टायग्रेसचं मत कुणी विचारतसुद्धा नाही. तिचा राग, तिची संमती, काहीतरी हवं होतं. त्याशिवाय या निवडीची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही, आणि किंमत नसलेला निर्णय प्रेक्षकाला भिडत नाही.

झेन हे पात्र मुळात वाईट नाही. रस्त्यावर वाढलेली, कुणावर पटकन विश्वास न टाकणारी. तिची आणि पोची जुगलबंदी अधूनमधून छान जमते. अडचण आहे ती शिकवण्याची. पहिल्या भागातला मोमोचा प्रसंग आठवा. मंकीच्या बिस्किटांसाठी पो नकळत उंचावर पाय फाकवून चढून बसतो. ते पाहून त्याचा गुरू शिफू याच्या लक्षात येतं की याला अन्नाच्या ओढीने शिकवता येईल. मग डोंगरावर सराव, शेवटी वाडगाभर मोमो, आणि शिफू एकेक मोमो त्याच्या तोंडासमोरून पळवतो. चॉपस्टिकांची झटापट होते, शेवटचा मोमो पोच्या हाती लागतो आणि तो म्हणतो, भूक नाही. विद्यार्थी कसा आहे, गुरूने काय ओळखलं, शिष्य किती बदलला, हे सगळं काही मिनिटांत दिसतं. पुढे खलनायक ताय लंगशी लढताना पो हेच खेळ वापरतो, म्हणून तो विजय पटतो.

चौथ्या भागात पो आणि झेन यांच्यात असा एकही सराव नाही. ती आधीच लढवय्यी आहे, कारण तिला या भागातल्या खलनायिकेने, कमेलियनने, तयार केलंय. मधे ती पोला दगा देते, मग पश्चात्ताप होतो, मग ती परत येते, आणि हे सगळं इतक्या झपाट्याने उरकतं की मन वळल्याचं फक्त कळतं, जाणवत नाही. तिचं खरं प्रशिक्षण सुरू होतं तेव्हा चित्रपट संपलेला असतो. लांबी कमी पडली असंही म्हणता येणार नाही: पहिला भाग ९२ मिनिटांचा होता, हा ९४.

खलनायिका कमेलियन मात्र पडद्यावर उत्तम उतरली आहे. व्हायोला डेव्हिसचा खोल, सावकाश आवाज आणि घोयरा सरड्याचं इवलंसं शरीर, हा विरोधाभास प्रत्येक वेळी काम करतो. तिचं दुःखही खरं आहे: ती लहान म्हणून तिला कुणी कुंग फू शिकवलं नाही. पण मँटिस तिच्याहूनही लहान, आणि तो मास्टर आहे! शिफू तरी कुठे उंच आहे? पाच जण कथेत असते तर लेखकांना या प्रश्नाला भिडावंच लागलं असतं, आणि त्यातून कदाचित फारच चांगला प्रसंग हाती लागला असता. देहावरून हिणवला गेलेला पोसुद्धा तिच्यासारखाच, पण हे साम्य पुढे नेलेलंच नाही.

तिची योजनाही जुनी वाटते. आत्मलोकातून मास्टरांना ओढून आणून त्यांचं कुंग फू हिसकावणं आणि तिसऱ्या भागातला (२०१६) खलनायक 'काय' याने मास्टरांची 'ची' (जीवनशक्ती) हिरावणं, यात फारसा फरक नाही. शिवाय 'काय'चा अंत आत्मलोकातच झाला होता. मग या भागात तो परत आला कुठून? दुसऱ्या भागातला लॉर्ड शेन आणि हा 'काय' इथे तोंडसुद्धा उघडत नाहीत. शेनसारखा खलनायक नुसता उभा करायला बोलवायचा, याचं फार वाईट वाटलं.

सगळ्यात मोठी संधी गेली ती ताय लंगची. इयन मॅकशेनचा आवाज परत आला, शेवटी ताय लंगने पोसमोर मान झुकवली, तो क्षण सुंदर आहे. पण ज्याने त्याला मुलासारखं वाढवलं तो शिफू आणि ताय लंग समोरासमोर येतच नाहीत. शिफू खोऱ्यात, ताय लंग कमेलियनच्या जुनिपर शहरात. एक संवाद पुरला असता.

काय पाहावं? कड्याच्या टोकावरची खानावळ. आतली माणसं इकडची तिकडे झाली की अख्खी इमारत कलते आणि मारामारीचा तोलही तसाच बदलत राहतो. विनोद आणि हाणामारी एकाच कल्पनेतून काढायची या मालिकेची जुनी हातोटी तिथे पूर्ण दिसते. दुसरं म्हणजे पोला वाढवणारे मिस्टर पिंग आणि त्याचा जन्मदाता ली. मुलाच्या काळजीने त्याच्या मागोमाग निघालेले हे दोन बाप चित्रपटातलं सगळ्यात जिवंत नातं आहेत. प्रदर्शनाच्या वेळी ९५ वर्षांचे असलेले जेम्स हाँग पिंगच्या आवाजात जी धास्ती आणि माया ओततात, ती ऐकण्यासारखी आहे.

चित्रणात काटकसर जाणवते. तिसऱ्या भागाचा खर्च सुमारे १४.५ कोटी डॉलर होता, याचा ८.५ कोटी. जुनिपर शहर गजबजलेलं आहे, पण दुसऱ्या भागातल्या गोंगमेनसारखं लक्षात राहत नाही. तिथे द्विमितीय चित्रांतून आलेल्या आठवणी पोच्या जखमेपर्यंत नेत होत्या, इथे शहर बहुतांशी पाठलागाची जागा आहे.

कमाई ५४ कोटी डॉलरच्या पुढे गेली, तेव्हा पाचवा भाग निघाला तर नवल नाही. निघालाच, तर पहिल्या वीस मिनिटांत झेनला टायग्रेससमोर उभं करा आणि टायग्रेसला मनातलं सगळं बोलू द्या.