न्यूट्रल लागत नाही म्हणून लगेच गिअरबॉक्स खोलू नका

कसारा घाट चढताना पहिल्यांदा जाणवलं. कल्याणला बहिणीकडे जाऊन बाईकवरून परत नाशिकला येत होते, मागच्या दोन्ही बॅगा गच्च भरलेल्या. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिनचा आवाज चढला, आरपीएमचा काटा वर गेला, पण गाडीचा वेग होता तेवढाच. क्लच स्लिप होत होता. पुढे इगतपुरीला चहासाठी थांबले, तर पहिल्यावरून न्यूट्रल लागेना. पायाने हलकं उचललं की थेट दुसरा, हलकं दाबलं की परत पहिला. कंटाळून इंजिन बंद केलं आणि न्यूट्रल अलगद लागला.

गाडीने तिथेच सांगून टाकलं होतं काय बिघडलंय ते. मला ते ऐकू यायला दीड महिना गेला.

गाडी २०१४ची, मी दुसरी मालकीण. घेतली तेव्हा मीटरवर ४१ हजार किलोमीटर होते. लांब पल्ल्याची, बसायला ऐसपैस, आणि मला ती मनापासून आवडते. वणी, सापुतारा, चांदवड, सगळीकडे नेली आहे. पण रोजचा रस्ता नाशिकमधल्याच अंबडचा, आणि घर द्वारका चौकाच्या पलीकडे. द्वारका चौकात संध्याकाळी सहा वाजता गरम इंजिन आणि न लागणारा न्यूट्रल घेऊन, डावा हात आखडेपर्यंत क्लच दाबून उभं राहायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. लिव्हर पूर्ण दाबलेली असतानाही गाडी पुढे ओढत असायची.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी क्लच वायर ताणून दिली. चार दिवस न्यूट्रल छान लागला. मग पुन्हा तेच, पुन्हा वायर ताणली. तिसऱ्या वेळी सांगितलं, गिअरबॉक्स खोलावा लागेल, पंधरा हजार धरून चाला.

मी पैसे जमवायलाही लागले होते. तेवढ्यात कारखान्यातल्या एकाने वडाळा नाक्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी गाडीला हातही लावला नाही, आधी विचारलं, "बेटा, इंजिन बंद असताना गिअर पडतात का?"

"पडतात चाचा. गाडी थोडी पुढे-मागे केली की सगळे पडतात."

"आणि चालत्या गाडीवर?"

"तिसरा, चौथा, पाचवा एकदम लोण्यासारखे."

"मग गिअरबॉक्स कशाला फोडता? तुमचा क्लच सुटत नाहीये."

क्लच दाबला की त्याच्या आतल्या प्लेटा एकमेकींपासून सुट्या व्हायला हव्यात. नीट सुटल्या नाहीत तर इंजिनचं फिरणं थोडं थोडं गिअरबॉक्सच्या शाफ्टवर येत राहतं. गिअरवर भार असतो, त्यामुळे तो जागचा हलत नाही. इंजिन बंद केलं की भार संपला, न्यूट्रल लागला. आतला शिफ्ट फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, वाकलेला असता तर बंद इंजिनलाही गिअर अडकले असते. गिअरच्या पेडलची दांडी, तिचे जोड, स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) झिजलेत का हेही बाहेरून बघून घ्यायचं. माझे ठीक होते.

मग घाटात स्लिप का? न सुटणारा क्लच आणि न धरणारा क्लच, दोन्ही एकाच गाडीत कसे? चाचांनी माझ्या हाताने लिव्हर हलवून दाखवली. प्ले, म्हणजे क्लच ओढायला लागण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल, शून्य. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटर प्ले सांगितलाय. वायर इतकी ताणलेली असली की लिव्हर सोडली तरी प्लेटांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट किंचित उचललेलीच राहते. स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर येत नाही, त्या घसरतात, तापतात आणि स्टीलच्या प्लेटा वाकतात. वाकलेल्या प्लेटा क्लच दाबल्यावर सुटत नाहीत. म्हणजे न्यूट्रलसाठी वायर ताणायची, त्याने स्लिप व्हायचं, आणि त्या उष्णतेने न्यूट्रलचं दुखणं आणखी वाढायचं. हे चक्र मीच दीड महिना चालू ठेवलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

रविवारी चाचांच्याच गॅरेजमध्ये उजव्या बाजूचं कव्हर उघडलं. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून ढिले केले. स्टीलच्या पाच प्लेटा निघाल्या. त्यातल्या दोन निळसर जांभळ्या पडल्या होत्या, खूप तापलेल्या स्टीलवर चढतो तसा तो रंग. तिसरीवर फिकट पट्टा. फायबरच्या प्लेटांना जळका वास येत होता.

मी अंबडला एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला आहे. सोमवारी साहेबांना विचारून पाचही प्लेटा सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या अगदी सपाट लादीवर, ठेवल्या. बोटाने एका कडेला दाबलं की निळी प्लेट समोरून टक् करून उचलायची. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, लावला. तीन प्लेटांखाली ०.१० मिलिमीटरसुद्धा जाईना. एका निळीखाली ०.३० सहज गेला, दुसरीखाली ०.३५. मॅन्युअलमधली मर्यादा ०.२०. सरफेस प्लेट नसेल तर जाड काचेच्या तुकड्यावरही हे बघता येतं. व्हर्निअरने स्प्रिंगांची लांबी मोजली, सगळ्या सारख्या आणि मापात.

अजून एक गोष्ट चाचांनी नखाने दाखवली. क्लच बास्केटच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या भांड्याच्या, बोटांवर, जिथे फायबर प्लेटांचे कान टेकतात, तिथे खाचा पडल्या होत्या. नख अडकत होतं. कान त्या खाचेत बसला की प्लेट सरकत नाही, आणि क्लच तेवढा चिकटतो. खाचा उथळ होत्या म्हणून बारीक कानशीने हलक्या हाताने सपाट केल्या आणि कीस पुसून काढला. खोल असत्या तर बास्केट बदलण्याला पर्याय नव्हता.

प्लेटांबरोबर वायरही नवीन घेतली. जुनीचं निपल (टोकाचा गोळा) बाहेर काढलं तर त्याच्याजवळ तीन तारा तुटून मिशीसारख्या उभ्या होत्या. फायबरच्या नव्या प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या. कोरड्या बसवायच्या नसतात. ऑइल टाकताना डब्यावर जासो एमए२ (ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचच्या बाईकसाठीच्या ऑइलची खूण) लिहिलंय ना, ते मी दोनदा वाचलं. आमच्यासारख्या गाड्यांत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, आणि कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती टाकली तर चांगला क्लचही घसरतो.

ॲडजस्टमेंट आधी इंजिनच्या टोकाला केली, बारीक फरक शेवटी लिव्हरपाशी. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून प्ले तेवढाच राहतो का ते पाहिलं. डावीकडे तो नाहीसा होत होता. वायर हेडलाइटच्या मागून चुकीच्या बाजूने गेली होती. ती सरळ केली, आता दोन्हीकडे १२ मिलिमीटर.

त्यानंतर ९०० किलोमीटर झाले, त्यात एकदा भरल्या बॅगांनी कसारा. आरपीएम आणि वेग आता बरोबरीने चढतात. द्वारकेला न्यूट्रल लागतो, खूप गरम असेल तर कधी दुसऱ्या प्रयत्नात. चाचांच्या मते ते बास्केटमुळे, आणि पुढच्या ऑइल चेंजला कव्हर उघडून खाचा परत बघायच्या आहेत. त्या दोन निळ्या प्लेटा मी फेकल्या नाहीत. मार्करने ०.३० आणि ०.३५ लिहून टूलबॉक्समध्ये ठेवल्यात.