काट्यावरचा सेट आता हॅम बँडवर

गेल्या दिवाळीच्या आधी भंगारातून मोटोरोला जीएम३०० नावाचे दोन जुने वायरलेस सेट उचलले, एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचे. एकावर सेलोटेपखाली बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी होती, १ शेतकी, २ गव्हाण, ३ काटा, म्हणजे कोणत्या चॅनलवर कारखान्याचा कोणता विभाग ते. काटा म्हणजे ऊस तोलायचा वजनकाटा. कुणीतरी हंगामात रात्री दोनला ऊस गाड्यांच्या रांगेत बसून ह्याच माइकवर बोललं असेल. चिठ्ठी मी काढली नाही.

आधी एक महत्त्वाचं. आपल्याकडे १९३३ च्या कायद्यापासून वायरलेस सेट नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागत आलाय, तेव्हा ज्याच्याकडे हॅम लायसन्स, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना, नाही त्याने स्वस्तात मिळतोय म्हणून असला सेट घरी आणू नये, आणि ज्याच्याकडे आहे त्याने दुकानदाराकडून सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्यावीच. मी दोन्ही सेटची घेतली.

आता मुद्द्याचं. लोक मला विचारतात, सेट हॅमच्या फ्रिक्वेन्सीवर आणायला आत काय सोल्डर केलंस, आणि मी प्रत्येकाला सांगतो की सोल्डरिंग सगळ्यात शेवटी, आधी सेट उलटा कर आणि लेबल वाच. जीएम३०० चा मॉडेल नंबर एम४३जीएमसी असा काहीतरी सुरू होतो, त्यात एम नंतरचा दुसरा आकडा ३ असला तर सेट व्हीएचएफ, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीचा, ४ असला तर यूएचएफ, म्हणजे वरच्या. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण व्हीएचएफमध्ये पण १३६ ते १६२ आणि १४६ ते १७४ मेगाहर्ट्झ असे दोन तुकडे येतात आणि आपला हॅम बँड आहे १४४ ते १४६. म्हणजे पहिला तुकडा मिळाला तर सोनं, दुसरा मिळाला तर आपला अख्खा बँड रेंजच्या खाली राहतो, मग सॉफ्टवेअर फ्रिक्वेन्सी घेत नाही, घ्यायला लावली तरी सेट ती फ्रिक्वेन्सी नीट धरून ठेवेल की नाही ते आपल्यालाच तपासावं लागतं.

यूएचएफची तर अजून गंमत. तो सेट ४०३ ते ४३३ मध्ये येतो नाहीतर ४३८ ते ४७० मध्ये, आणि भारतात हॅमला जागा दिलीये ४३४ ते ४३८. बरोब्बर मधल्या फटीत! परदेशातले व्हिडिओ बघून लोक यूएचएफचा सेट घेतात, तिकडे ४४० च्या वर पण बँड आहे म्हणून तिकडे चालून जातं, इथे नाही चालत. माझा दुसरा सेट ४३८ वालाच निघाला, तो अजून कपाटात आहे, त्याचा व्हीसीओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग, खाली ओढायचा उद्योग मोजमापाची नीट सोय झाल्याशिवाय मी करणार नाहीये.

चिठ्ठीवाला सेट मात्र १३६ ते १६२ चा. घरी आणून १३.८ व्होल्टच्या सप्लायला लावला, डिस्प्ले आला, चॅनल बदलतायत, पण स्पीकरमधून काही म्हणजे काहीच नाही, साधी खरखर पण नाही. मला वाटलं ऑडिओ आयसी गेला. अख्खी संध्याकाळ बोर्ड उघडून मल्टीमीटर घेऊन बसलो, स्पीकर काढून वेगळा तपासला तर तो ठणठणीत. रात्री एका सीनियर हॅम काकांना फोन केला तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अरे, मागचा प्लग आहे का?" नव्हता. ह्या सेटच्या पाठीमागे १६ पिनांचा कनेक्टर असतो, त्यातल्या १५ आणि १६ नंबरच्या पिना एकमेकींना जोडलेल्या असल्या तरच आतला स्पीकर चालतो. ती जोडणी प्लगमध्ये असते आणि भंगारात तो प्लग कुठेतरी गळून गेलेला असतो. इंचभर वायर घेतली, दोन पिनांवर बसवली, आणि खर्रर्र करून सेट बोलायला लागला. बायको आतून बाहेर आली बघायला काय झालं म्हणून, इतका मोठा आवाज! किती चांगले सेट नुसत्या ह्या तारेपायी मेले समजून फेकले गेले असतील, विचार करूनच वाईट वाटतं.

प्रोग्रामिंगला ह्याचं सॉफ्टवेअर डॉसच्या जमान्यातलं आहे, त्याला खरा सिरियल पोर्ट आणि खरा डॉस लागतो, आणि कॉम्प्युटर जितका हळू तितकं चांगलं. काकांनी खास ह्याच्यासाठी जुना ४८६ कॉम्प्युटर जपून ठेवलाय. कॉम्प्युटर आणि सेटच्या मधे सिग्नलची व्होल्टेज लेव्हल बदलणारा छोटा डबा लागतो, तो सेटच्या पुढच्या माइकच्या सॉकेटात जातो. सेट वाचला की पहिलं काम, आहे तशी फाइल दोन ठिकाणी सेव्ह करायची, कारण त्यात नुसते चॅनल नसतात, पॉवर, डेव्हिएशन ह्या त्या सेटच्या फॅक्टरीतल्या सेटिंग्ज पण असतात आणि त्या उडाल्या तर परत बसवायला सर्व्हिस मॉनिटर, म्हणजे रेडिओ तपासायचं मोठं यंत्र, लागतो. दुसरं काम, जुन्या मालकाचे सगळे चॅनल पुसायचे. कारखाना बंद असेल, पण ती फ्रिक्वेन्सी उद्या दुसऱ्या कोणाला मिळालेली असू शकते, आपल्या हातून चुकून पण तिथे पीटीटी, म्हणजे माइकवरचं बोलायचं बटण, दाबली जाता कामा नये. मग आपले चॅनल भरायचे, रिपीटरचे, म्हणजे आपला सिग्नल पुढे पोचवणाऱ्या स्टेशनचे, टोन टाकायचे, आणि अँटेना लावायच्या आधी तिच्या जागी डमी लोड लावून त्यावर पॉवर बघायची. माझ्याकडे २५ वॅटवर सेट केलाय, मागची ॲल्युमिनियमची बॉडी नुसती कोमट होते.

एवढा खटाटोप कशाला, दोन अडीच हजारात नवा चायनीज हँडसेट येतो, असं खूप जण म्हणतात. तो पण आहे माझ्याकडे. पण शहरात गच्चीवरची अँटेना त्याला लावली की आजूबाजूच्या तगड्या सिग्नलांनी तो बहिरा होतो, लांबचा माणूस ऐकूच येत नाही. हा तीसेक वर्षांचा सेट त्याच अँटेनावर, त्याच केबलवर शांत बसतो आणि बारीक सिग्नल पण उचलतो. दोन्ही शेजारी ठेवून आलटून पालटून ऐकलं की कुणाला काही पटवायला लागत नाही. रिसीव्हरमधले फिल्टर ज्यांनी डिझाइन केले त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मागच्याच कनेक्टरवर ११ नंबरच्या पिनेला रिसीव्हरचा ऑडिओ मिळतो, व्हॉल्यूमच्या नॉबशी त्याचा संबंध नाही, ती वायर लॅपटॉपच्या साउंड कार्डला जोडली आणि रेडिओवरून येणारे डेटाचे संदेश, म्हणजे पॅकेट, वाचणारं डायरवुल्फ नावाचं सॉफ्टवेअर चालू केलं. स्पेस स्टेशनवरून पॅकेट १४५.८२५ मेगाहर्ट्झवर येतात. परवा पहाटे पाच वाजता ते आपल्या डोक्यावरून जाणार होतं, गच्चीत दव पडलेलं, तीन एलिमेंटची यागी अँटेना हातात धरून पोरगी हळूहळू फिरवत होती आणि मी खाली पायऱ्यांवर स्क्रीनकडे बघत बसलेलो. तिसऱ्या मिनिटाला आरएस झिरो आयएसएस असं स्पेस स्टेशनचं नाव उमटलं. मी "आलं, आलं" म्हणून ओरडलो, ती अँटेना तशीच धरून "काय आलं, वाचून दाखवा ना बाबा" म्हणत होती.

ती फ्रिक्वेन्सी मी ३ नंबरच्या चॅनलवर टाकलीये. चिठ्ठीवर तिथे अजून काटा असंच लिहिलेलं आहे.