तुम्ही विचारलंत म्हणून: ३०८० विकून परत १६५०वर का आलो

लग्नात विचारतात, ऑफिसच्या ग्रुपवर विचारतात. परवा दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसलो होतो, तिथे मामेभावाच्या मित्राने विचारलं, "दादा, तुम्ही ३०८० विकून १६५० लावलंय म्हणे?" लावलंय. दोन्ही कॉम्प्युटरची ग्राफिक्स कार्डं, गेममधली चित्रं तयार करणारी; ३०८० तगडं आणि महाग, १६५० साधं. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव ठरलेला असतो. एक तर मी वेडा आहे, नाहीतर मला एकदम शहाणपण सुचलंय. वेडा म्हटलेलं परवडतं. पण "बरोबर केलंस, फरक काही नसतोच, सगळं मार्केटिंग" असं म्हणत लोक माझा दाखला देत फिरतात, त्याचा मात्र आता वीट आलाय.

फरक असतो. हे आधी लिहून घ्या. जीटीएक्स १६५०मध्ये ८९६ कोअर (एकाच वेळी हिशोब करणारे छोटे भाग) आहेत, आरटीएक्स ३०८०मध्ये ८७०४. मेमरी इकडे ४ जीबी, तिकडे १०. त्या मेमरीतून डेटा ओढायचा वेग इकडे सेकंदाला १२८ जीबी, तिकडे ७६०. १६५०चं ७५ वॉटमध्ये भागतं, म्हणजे एका साध्या सीलिंग फॅनमध्ये. माझ्या कार्डाला तर वेगळी वायरही लागत नाही, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेतं. ३०८०ला ३२० वॉट लागतात, म्हणजे चार फॅन आणि वर थोडं. ह्या दोन कार्डांत ज्याला फरक दिसत नाही, तो चुकीच्या जागी बघतोय. मीही वर्षाच्या आसपास तिथेच बघत होतो.

जून २०२१. ३०८०ची भारतातली जाहीर किंमत ७१,००० रुपये होती, सप्टेंबर २०२०मध्ये सांगितलेली. त्या भावात ते मिळालेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. चिपांची टंचाई, त्यात इथेरियम ह्या आभासी चलनाचे मायनिंगवाले (कार्डांवर हिशोब चालवून नाणी कमावणारे) कार्डं पोत्याने उचलत होते. मी पुण्यातल्या एकाला १,३२,००० मोजले आणि वर त्याचेच आभार मानले. पैसे कुठून आले, ते येईलच पुढे.

सांगलीला घरी आणलं तर कार्ड कॅबिनेटमध्ये मावेना. हार्डडिस्कचा पिंजरा स्क्रू काढून उपटला, तेव्हा गेलं. तीन पंख्यांचं, सव्वा-दीड किलोचं ते धूड स्लॉटमध्ये बसलं आणि पुढचं टोक खाली झुकलं. काहीतरी टेकू हवा होता. आईच्या शिलाईच्या डब्यातलं जांभळ्या दोऱ्याचं रीळ काढलं, उभं लावलं. अगदी मापाचं निघालं.

रात्री दीड वाजता रेड डेड रिडेम्प्शन २ हा गेम लावला, सगळ्या सेटिंग अल्ट्रावर, म्हणजे पार वर. दहा मिनिटांत यूपीएस किंचाळायला लागला आणि सगळं बंद. परत चालू केलं, परत तेच. मला घाम फुटला. कार्ड खराब निघालं, माणूस आता फोन उचलणार नाही, हे सगळं डोक्यात फिरून गेलं. तिसऱ्यांदा यूपीएस ओरडला तेव्हा त्याच्या मागचं स्टिकर वाचलं: ६०० व्हीए, ३६० वॉट. एकट्या कार्डालाच ३२० हवेत. प्लग काढून सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावला. ४५० वॉटच्या एसएमपीएसवर (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) हे चालवायचं नसतं, हेही मला ठाऊक होतं. तरी चालवलं.

तेवढ्यात आई दारात.

"काय ओरडतंय ते?"

"यूपीएस. लोड जास्त झाला त्याला."

ती आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. जरा वेळाने म्हणाली, "बँकेचा मेसेज आला होता, एफडी मोडल्याचा. मला वाटलं, गाडीचं बघतोयस."

एफडी दोघांच्या नावावर होती. नावं दोन असली तरी पैसे तिचे, ब्लाउज शिवून टाकलेले. मी काहीच बोललो नाही. मग तीच म्हणाली, "दाखव तरी, काय घेतलंयस."

दाखवलं. बर्फातून घोडा चालला होता, आयाळीचा केस न् केस सुटा. कॅमेरा फिरवून घोडा तिच्यासमोर आणून उभा केला. तिने बराच वेळ बघितलं.

"हा घोडा आधीपण होता ना?"

"आधी इतका स्पष्ट नव्हता गं."

"असेल. मला तोच वाटला." उठताना तिचं लक्ष कॅबिनेटच्या काचेकडे गेलं. "अरे, जांभळं रीळ मी दुपारपासून शोधतेय."

त्या रात्री मला तिचा राग आला, हे कबूल करतो. कळत नाही तर बोलावं कशाला, असं वाटलं. पण ती गेल्यावर स्क्रीनच्या कोपऱ्यातले आकडे बघितले. प्रोसेसर १०० टक्के, कार्ड ४० टक्के. माझा आय३-९१००एफ, चार कोअरचा बिचारा, प्रत्येक फ्रेमची, म्हणजे एकेका चित्राची, तयारी करता करता धापा टाकत होता आणि एक लाख बत्तीस हजारांचं कार्ड पुढच्या कामाची वाट बघत बसलेलं. घोडा मधूनच अडखळत होता. आणि मॉनिटर? १०८०पीचा, म्हणजे चित्रात १०८० ओळी, आणि ६० हर्ट्झचा. सेकंदाला ६० चित्रं दाखवणार, मागे कार्डाने कितीही तयार करून ठेवलेली असोत. आईला जे दिसलं, त्यात चूक काही नव्हती.

पुढच्या रविवारी मामेभावाने माझ्याच जुन्या १६५०वर खेळून मला व्हॅलोरंटमध्ये १३-४ने धुतलं. हा गेम दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपच्या अंगच्या ग्राफिक्सवरसुद्धा चालेल असा बनवलाय, तिथे ३०८०चा काय पाड लागणार. तो दिवस मी लोकांना हसत सांगतो. रात्रीचं सहसा सांगत नाही.

तेव्हाचा मी आज समोर असता तर म्हणाला असता, मग अर्धवट कशाला सोडतोस, बाकीचंही बदल. त्याने बदललंच. लोक नाल सापडली म्हणून घोडा घेतात. मी घोडा आधी घेतला आणि मग कित्येक महिने तबेला बांधत बसलो. ७५० वॉटचा एसएमपीएस. फेब्रुवारी २०२२मध्ये आय५-१२४००एफ प्रोसेसर, त्यासाठी नवा बोर्ड. मग १४४०पीचा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. एकूण किती झाले ते मी लिहून ठेवलेलं नाही, मुद्दाम.

आणि मग फरक दिसला. ६० हर्ट्झला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद डोळ्यासमोर राहतं, १४४ला ७पेक्षाही कमी. हे कागदावर किरकोळ वाटतं. माउस हलवल्यावर मात्र जग हाताला चिकटून आल्यासारखं वाटतं. सायबरपंक २०७७मध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण खऱ्यासारखे कसे पडतील त्याचा हिशोब) लावून मी पावसाच्या एका डबक्यापाशी उभा राहिलो होतो, मिशन सोडून. डबक्यात निऑनची पाटी उलटी पडलेली आणि ती पाटी स्क्रीनवर कुठेच नव्हती, वर उंचावर होती. मान वर करून बघितलं तर खरंच होती. सात-आठ महिने मी फार सुखात होतो. ते सुख खोटं होतं असं माझ्याकडून वदवून घ्यायला येऊ नका.

मग विकलं का? मी सगळ्यांना वीजबिल सांगतो. ते खोटं आहे. रोज तीन तास खेळलं तरी दोन कार्डांतला फरक पाऊण युनिटाचा. उन्हाळ्यात खोली तापायची हे खरं, पण त्यापायी कोणी कार्ड विकत नाही. मी घाबरून विकलं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंग बंद केलं, खाणीतून निघालेली कार्डं बाजारात ओतली गेली आणि भाव रोज खाली येताना मी रात्री जागून बघायला लागलो. गेम लावायचो आणि डोक्यात आकडा: आज ५५, आज ५०. ऑक्टोबरात ४६,०००ला दिलं. एफडीत तेवढेच परत टाकले. आईने त्याबद्दल विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मेसेज गेलाच असेल.

मामेभाऊ हॉस्टेलला जाताना लॅपटॉप घेऊन गेला, म्हणून १६५० परत आलं. आता १४४०पीच्या मॉनिटरवर ते १०८०पी ताणून दाखवतं, कडा पुसट दिसतात. डूम: द डार्क एजेससारख्या गेमना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, ते ह्या कार्डावर सेटिंग कितीही खाली आणलं तरी चालायचे नाहीत. "मग मधलं एखादं घे ना" हा तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. पैसे आहेत. दोनदा कार्टमध्ये टाकून काढलंय. का काढलं, ह्याचं उत्तर द्यायला मी सुरुवात करतो आणि प्रत्येक वेळी वेगळंच काहीतरी सांगतो. एकदा म्हटलं, वेळ नाही. त्या आठवड्यात मी अकरा तास खेळलो होतो.

भाच्याला कोणतं कार्ड सुचवू असं विचारायला फोन करणार असाल, तर मॉनिटर, प्रोसेसर आणि एसएमपीएस कोणता आहे हे बघूनच करा. यूपीएसच्या मागचं स्टिकरही वाचा.

एसएमपीएसच्या, ३०८०ला जोडलेल्या त्या दोन आठ-पिनी वायरी कॅबिनेटमध्ये आता मोकळ्याच असतात. पंख्यात अडकू नयेत म्हणून आईच्याच रिळाच्या जांभळ्या दोऱ्याने बांधून ठेवल्यात. साधी सुरगाठ मारलीय, ओढली की सुटेल.