बुटांना लागलेली माती

गुरुवार, रात्री साडेअकरा

घर झोपलंय. हॉलमध्ये तीन बॅगा अजून उघड्या आहेत आणि त्यांच्याकडे बघितलं की छातीत धडधडतं, म्हणून स्वयंपाकघरात येऊन लिहायला बसले. रविवारी रात्री मुंबईहून विमान. आधी सिंगापूर, साधारण साडेपाच तास. तिथे चार तास थांबायचं आणि मग पुढे जवळजवळ दहा तास, थेट न्यूझीलंडमधलं ऑकलंड. नाशिकच्या घराला कुलूप लावल्यापासून नणंदेच्या दारात पाय ठेवेपर्यंत अठ्ठावीस-तीस तास तरी जातील.

किती वर्षं ठरवत होतो हे. पैसे साठवले, व्हिसा आला, मुलांच्या परीक्षा संपल्या. आणि आता आठ दिवसांपासून माझ्या पोटात गोळा आहे. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. विमान, आईंचा (म्हणजे सासूबाईंचा) रक्तदाब, धाकट्याचं पोट, पासपोर्ट, सगळं एकात एक गुंतून समोर येतं.

हे म्हणतात, "अगं, काही होत नाही. रोज लाखो लोक जातात." खरं आहे त्यांचं, आणि प्रेमानेच म्हणतात. पण त्या लाखांत माझ्या बहात्तर वर्षांच्या सासूबाई नसतात. कसारा घाट लागला की ओकणारा माझा सहा वर्षांचा मुलगाही नसतो. "काही होत नाही" ऐकलं की मला उलट जास्तच भीती वाटते, कारण मग त्या भीतीशी मी एकटीच उरते.

सोमवारी पहाटे अशीच उठून बसले होते. आई पाणी प्यायला आल्या. दिवा न लावताच शेजारच्या खुर्चीवर बसल्या. काय झालं, असं विचारलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "रामकृष्ण हरी म्हण. पण श्वास घेताना नको, सोडताना म्हण. सावकाश." दोघी तशाच अंधारात बसलो. दहा-बारा वेळा म्हटल्यावर छातीतली धडधड कमी झाली. नंतर मी वाचलं की श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाचे ठोके खरोखरच मंदावतात. आईंना हे कोणी वाचून दाखवलेलं नाही. दर पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला जाणाऱ्या त्या, चालता चालता आलं असेल.

त्याच पहाटे वही काढली. अण्णांची सवय आहे ती, माझ्या वडिलांची. पिंपळगावला आमची द्राक्षबाग आहे आणि अण्णा फवारणीची वही ठेवतात: कुठल्या दिवशी काय मारलं, किती मारलं. मी माझ्या भीतीची वही केली. नुसतं "टेन्शन येतंय" असं लिहायचं नाही असं ठरवलं. नेमकं काय होईल असं वाटतं, ते पूर्ण वाक्यात लिहायचं.

पहिलं वाक्य होतं: विमानात आईंना श्वास लागेल.

मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईंना तपासलं, चालवून पाहिलं आणि मला नीट समजावलं. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडत असलं तरी आत हवेचा दाब राखलेला असतो. तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा. मी घरी येऊन कळसूबाईची उंची पाहिली. 1646 मीटर, म्हणजे चोपन्नशे फूट. आई लग्नानंतर कितीतरी वर्षं नवरात्रात कळसूबाईला जायच्या. लोखंडी शिड्या चढून, डोक्यावर पदर घट्ट आवळून. म्हटलं, "आई, कळसूबाईच्या माथ्याच्या थोडं वर जायचंय, बस. आणि तेही बसून." त्या हसल्या. "मग शिड्या नाहीत म्हण की!" विमान ही त्यांच्यासाठी कुठली परकी वस्तू राहिली नाही, ओळखीच्या डोंगराच्या वरचं काहीतरी झालं. खरं सांगायचं तर माझ्यासाठीही.

गोळ्यांचं सोपं निघालं. तीन महिन्यांपर्यंतची औषधं नेता येतात, मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आम्ही सोळा दिवसांची आणि वर दहा दिवसांची घेतली. सगळी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत एकही नाही.

विम्याचं मात्र मी जरा कडक वागले. फॉर्म भरून देणारा म्हणत होता, रक्तदाबाचं लिहू नका, हप्ता वाढतो. मी लिहायला लावलं. न्यूझीलंडमध्ये पाहुण्याला अपघातात इजा झाली तर उपचारांचा बराच खर्च तिथली सरकारी योजना उचलते, पण आजारपणाचा नाही. आजारपणासाठी आपला विमाच लागतो, आणि आजार लपवून घेतलेला विमा ऐन वेळी हात वर करतो. घरातल्या ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्या कुणालाही मी हे हात जोडून सांगेन.

धाकट्यासाठी काल हॉलमध्ये विमान केलं. जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक लावल्या. लेकीने टेप आणून मधलं अंतर मोजलं, एकतीस इंच, साधारण तेवढंच असतं म्हणून. माझ्या ओढण्यांचे पट्टे बांधले. दिवे बंद केले. तासभर उठायचं नाही, मग फेरी मारायची, पुन्हा बसायचं. आईही बसल्या. गुडघे पुढच्या खुर्चीला लागत होते, तेव्हा कळलं की त्यांना कडेची जागा हवीच. लगेच बदलून घेतली. बसल्या बसल्या पाऊल वर-खाली करायचं, घोटे गोल फिरवायचे, तेही करून पाहिलं. खूप वेळ पाय लोंबते ठेवले की पोटरीत रक्त साकळू शकतं, म्हणून.

धाकटा मध्येच गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आई, मला ओकारी आली आणि सगळे बघायला लागले तर?"

एवढ्या दिवसांत मी त्याच्या पोटाचा विचार करत होते आणि त्याला पोटाची काळजीच नव्हती. लाजेची होती. त्याला जवळ घेतलं. समोरच्या खिशात त्यासाठीच कागदी पिशवी ठेवलेली असते, म्हणजे ओकारी येणारे खूप लोक असतात, असं सांगितलं. पंखांजवळ विमान सगळ्यात कमी हलतं, आपल्या जागा तिथेच आहेत, हेही. कागदी पिशवीचं त्याला पटलं. मग त्याने स्वतः एक पिशवी करून खुर्चीला अडकवली.

शनिवार

आज अण्णा आले, निरोप द्यायला. बागेत खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतरची वेलींची छाटणी, चालू आहे, मजूर लागलेत, तरी आले.

गेल्या रविवारी मुलं बागेत हुंदडून आली होती आणि बूट तसेच बाल्कनीत पडले होते. वहीतलं एक वाक्य त्या बुटांचं होतं: विमानतळावर आपल्याला बाजूला घेतील. न्यूझीलंडमध्ये उतरताना खाण्याचा प्रत्येक पदार्थ, लाकडाची, पानाफुलांची, प्राण्यांची प्रत्येक वस्तू, मळके बूट, सगळं जाहीर करावं लागतं. लपवलं किंवा विसरलं तरी जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड, आपले वीस हजारांच्या आसपास. मध तर नेताच येत नाही. ताजी फळं नाहीत, बिया नाहीत. मला हे वाचून धसकाच बसला होता. आपण काही चोर आहोत का, असंही वाटलं होतं.

अण्णांनी बूट उचलला, उलटा केला, सोलाकडे पाहिलं. बागेतली काळी माती नक्षीच्या खाचांत घट्ट बसून वाळलेली, एका खाचेत द्राक्षाच्या पानाचा तुकडा. म्हणाले, "जुना ब्रश आण आणि एक दाभण दे." बाल्कनीत पाटावर बसले. दाभणाने एकेक खाच उकरायची, ब्रशने झाडायची, मग साबणाच्या पाण्याचा हात. खाली वर्तमानपत्रावर मातीची छोटी रास झाली.

"त्यांचं बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "माती म्हणजे नुसती माती नसते. डावणी रोगाचं बीज गळालेल्या पानांत, मातीत वर्ष काढतं. मुळांना लागणारे सूत्रकृमी असतात. मी तर दुसऱ्याच्या बागेतून आलेला माणूस सरळ आपल्या बागेत येऊ देत नाही."

2010 साली युरोपने आपली द्राक्षं अडवली होती, क्लोरमेक्वाट या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून. अण्णांचा मालही त्यात होता. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, एवढं मला आठवतं. अण्णांची फवारणीची वही काटेकोर झाली ती तेव्हापासून.

मी परवाच वाचलेलं त्यांना सांगितलं. त्याच वर्षी, 2010 च्या नोव्हेंबरात, न्यूझीलंडमध्ये 'ते पुके' नावाच्या गावाजवळ किवीच्या बागेत पीएसए नावाचा जिवाणूजन्य रोग सापडला. पसरत गेला. पिवळ्या गराच्या किवीची तेव्हाची जात तर त्यात जवळजवळ गेलीच. वेल मुळापासून तोडून टाकावे लागले.

अण्णांचा हात थांबला. काही वेळ ते बाल्कनीच्या गजांतून बाहेर बघत राहिले.

"बागा तोडल्या?"

"हो."

ते काही बोलले नाहीत. दुसरा बूट ओढला आणि पहिल्यापेक्षा हळू, फार काळजीने साफ करायला लागले. मीही शेजारी बसले, लेकीचे बूट घेतले. दोघांनी मिळून पाच जोड केले. विमानतळावरचा तो अधिकारी, ज्याची मला आठ दिवस धास्ती होती, आज पहिल्यांदा मला अण्णांसारखा दिसला. आपली बाग राखणारा माणूस.

लाडूंचंही मिटलं. घरच्या तुपातले म्हणून शंका होती. आईच म्हणाल्या, "कशाला त्रास? तिकडे गेल्यावर लेकीच्या ओट्यावर बसून करीन, तिला वासही येईल." गोडा मसाला आणि थालिपीठाची भाजणी तेवढी घेतली, प्रत्येक पुड्यावर आत काय आहे ते इंग्रजीत चिकटवलं. सगळं एका वेगळ्या पिशवीत, विचारलं की लगेच काढता येईल असं.

रविवार, दुपार

तिथला प्रवासी जाहीरनामा प्रवास सुरू होण्याआधीच्या चोवीस तासांत ऑनलाइन भरता येतो. फुकट आहे, प्रत्येकाचा वेगळा, लहान मुलांचासुद्धा. सकाळी पाच भरले. गेल्या तीस दिवसांत शेतात गेलात का? हो. अन्नपदार्थ आहेत का? हो. एकेक "हो" लिहिताना हात आधीइतका थरथरला नाही.

आईंच्या वेळी अडले. लाकडाची वस्तू आहे का?

त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. वयाच्या अकराव्या वर्षापासून. ती त्या कधीच काढत नाहीत, दवाखान्यातसुद्धा मनगटाला गुंडाळून ठेवली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. इतके दिवस त्या मला धीर देत होत्या आणि त्यांची स्वतःची भीती ही होती. विचारलंच नव्हतं मी.

"काढून घेतील का गं?"

"नाही घेणार," असं म्हणणं सोपं होतं. पण मला काय ऐकायला आवडत नाही ते मला माहीत आहे. म्हणून जे माहीत होतं तेवढंच सांगितलं. जाहीर केलं म्हणजे काढून घेतात असं नाही. ते बघतात, कीड आहे का, भोकं आहेत का, साल किंवा माती राहिलीय का. स्वच्छ, कोरडी, तासलेली वस्तू असेल तर सहसा परत देतात. शेवटी त्यांनी हातात घेऊन पाहायला मागितली तर द्यावी लागेल, हेही सांगितलं.

आईंनी माळ गळ्यातच पुढे ओढली. खिडकीच्या उजेडात आम्ही दोघींनी एकेक मणी पाहिला. गुळगुळीत, काळसर, कपाळाला लावून लावून झिजलेले. एका मण्याच्या भोकात जुन्या गंधाची पूड अडकली होती, ती त्यांनी काडीने काढली. मोजून पूर्ण फेरी झाल्यावर म्हणाल्या, "आता लिही. हो म्हणून लिही."

मग कागद मागितला. मी त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: "वुडन बीड्स. आय वेअर इट ऑलवेज. प्लीज चेक." खाली नणंदेचा नंबर आणि तिथल्या आणीबाणीचा 111. तेव्हापासून त्या हे वाक्य म्हणतायत. भाजी निवडताना म्हणाल्या, देवापाशी बसल्या तेव्हाही ऐकू आलं. श्वास सोडताना, सावकाश.

पोटात गोळा आहे अजून. रात्री विमान धावपट्टीवर पळायला लागेल तेव्हा मी ह्यांचा हात धरणार आहे आणि डोळे मिटणार आहे, तेही वहीत लिहून ठेवलंय. ह्यांनी वाचलं. "मीही," म्हणाले. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यांना भीती वाटते हे मला आज कळलं.

चार वाजले. गाडी खाली आलीय, घाटात उजेड असतानाच उतरायचं आहे. आई निरांजन शांत झालं का ते पाहायला पुन्हा आत गेल्यात. धाकट्याने स्वतःचे बूट घातले, खुर्चीत बसून दोन्ही पाय उंच केले आणि तळवे मला दाखवले.

स्वच्छ आहेत.