कुननरा ते निंगालू: गाडी, तंबू आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचा लाल रस्ता

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडला जाणाऱ्यांना धास्ती असते ती नद्यांची आणि मगरींची. पण तिथल्या गॅरेजांबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या की वेगळंच चित्र दिसतं. शॉक अॅब्सॉर्बर फुटलेले, रूफ रॅकचे पाय तडकलेले, बॅटरीची टर्मिनलं सुटलेली, टायर बाजूने फाटलेले. या रस्त्यावर गाड्या मोडतात त्या हादऱ्यांनी, आणि आमच्या दोघांच्या तयारीचा निम्मा भाग या हादऱ्यांसाठीच असतो.

रस्ता सुमारे ६६० किमीचा. पूर्वेला कुननरा-विंडहॅमजवळच्या फाट्यापासून पश्चिमेला डर्बीपर्यंत, किंबर्ली प्रदेश आडवा कापत जाणारा. साठच्या दशकात गुरांची वाहतूक करणाऱ्या ट्रकसाठी तो बांधला. दोन्ही टोकांना डांबर आहे, मधला मोठा भाग खडी-मातीचा. मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम, बाकीचे महिने पावसाने रस्ता बंद होतो. आम्हाला जून पसंत. धबधब्यांना पाणी असतं आणि नद्या उतरलेल्या असतात. सप्टेंबरनंतर उकाडा वाढतो आणि दऱ्यांमधलं पाणी आटत जातं.

आता हादरे. खडीच्या रस्त्यावरून वेगाने जाणारं चाक किंचित उडतं, आपटतं, पुढची खडी ढकलतं आणि पुन्हा उडतं. हजारो गाड्या गेल्या की रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. त्यांना तिकडे कॉरुगेशन म्हणतात. ताशी ३० ने गेलं तर दात वाजतात आणि ७०-८० ने गेलं तर गाडी वळ्यांच्या डोक्यांवरून तरंगत जाते. पण तेव्हा चाकं जमिनीला अर्धीच टेकलेली असतात. ब्रेक उशिरा लागतो आणि वळणावर मागचा भाग घसरतो. वेग आणि पकड यांचा सुवर्णमध्य वेगात शोधू नये, तो टायरच्या हवेत सापडतो.

डांबरी रस्त्यावर, गाडी भरलेली असताना, आम्ही टायरमधला हवेचा दाब ३८ पीएसआय ठेवतो. खडी सुरू झाली की पुढे २६, मागे २८. मऊ टायर दगडाभोवती दबतो, कडक टायर दगडावर चिरतो. हवा बरोबर आहे का हे पडताळायची एक जुनी युक्ती आहे: सकाळी थंड टायरचा दाब मोजायचा, तासभर चालवून पुन्हा मोजायचा. ४ ते ६ पीएसआय वाढ ठीक. जास्त वाढला तर हवा फार कमी आहे, नाहीतर वेग किंवा वजन जास्त आहे. अजिबात वाढला नाही तर हवा जास्त आहे. कमी हवेवर ८० च्या वर जाऊ नये, बाजूची भिंत तापून टायर फाटतो. टायर एलटी म्हणजे लाइट ट्रक वर्गाचे हवेत, आणि स्टेपनी दोन. पंक्चरच्या वाती, १२ व्होल्टचा चांगला कंप्रेसर, दाबाचं वेगळं मीटर आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी एवढं हाताशी लागतं. फळीशिवाय जॅक मातीत बुडतो.

शॉक अॅब्सॉर्बर फुटतो तो आतलं तेल तापून. दर तासा-दीड तासाला दहा मिनिटं थांबलं की तेल निवतं आणि त्याच वेळी एक फेरी मारता येते. एकाने गाडीखाली बघायचं, दुसऱ्याने वर. आम्ही प्रत्येक महत्त्वाच्या नटवर पांढऱ्या पेंट मार्करने रेघ मारून ठेवतो, नटवरून सरळ शेजारच्या पत्र्यावर उतरणारी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. चाकांचे नट, शॉकची वरची-खालची टोकं, रूफ रॅकचे पाय, बॅटरीची पट्टी, झालंच तर नंबर प्लेट. पाना न लावता दोन मिनिटांत तपासणी होते.

आतल्या सामानाचंही तेच. अॅल्युमिनियमचे कॅन एकमेकांना घासून भोकं पडतात आणि फ्रिजमध्ये चिकट तळं साचतं. दुधाचे खोके कोपऱ्यातून गळतात. काचेची बाटली मोज्यात घालावी, कॅनमध्ये फडकं कोंबावं. फ्रिज सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका, हादऱ्यांनी पिन सैल होते आणि रात्री कळतं की दुपारपासून फ्रिज बंदच होता. अँडरसन प्लग, म्हणजे हादऱ्यांनी न सुटणारा जाड जोड, लावून घ्या. पन्नास लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हात दिवसाला ३५ ते ५० अँपिअर-तास खातो. शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि २०० वॉटचं सोलर पॅनल असेल तर एका जागी तीन-चार दिवस निवांत राहता येतं. पॅनल नसेल तर दुसऱ्या रात्रीनंतर इंजिन चालू करावं लागतं.

धुळीसाठी साधा उपाय: काचा बंद, पंखा चालू, हवा बाहेरून घेणारं बटण दाबलेलं. आतला दाब किंचित वाढतो आणि फटींतून धूळ शिरत नाही. आतलीच हवा फिरवत राहिलं की मागच्या दाराच्या रबरातून लाल पावडर ओढली जाते. समोरून गाडी आली तर वेग कमी करून डावीकडे सरकावं, काच वाचते. रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारा ट्रक, आली तर थेट बाजूला थांबावं. ५३.५ मीटरपर्यंत लांब असते ती, मागे उडालेल्या धुळीत अर्धा मिनिट काहीच दिसत नाही. गाडीतला यूएचएफ रेडिओ, म्हणजे बोलण्याचा बिनतारी संच, ४० नंबरच्या चॅनलवर ठेवला की ट्रकवाले आधीच बोलून सांगतात.

इंधनाचा हिशेब कुननराहून निघतानाच करायचा. पहिला भरवशाचा पंप माउंट बार्नेट रोडहाऊसचा (रोडहाऊस म्हणजे रस्त्यावरचा पंप आणि दुकान), सुमारे ४०० किमीवर. तिथून डर्बी ३०६ किमी, पण बेल गॉर्ज आणि विंजाना-टनेल क्रीक या दऱ्यांच्या फाट्यांवर आत जाऊन आलात तर आकडा ४८० च्या आसपास जातो. भरलेली डिझेल गाडी खडीवर १०० किमीला १४-१५ लिटर पिते, म्हणजे ७० लिटर. ८० लिटरच्या टाकीला हे काठावरचं गणित आहे, म्हणून २० लिटरचा जादा कॅन. पाणी माणशी रोज १० लिटर धरा, पिणं आणि स्वयंपाक मिळून. एकाच मोठ्या टाकीपेक्षा २० लिटरचे तीन कॅन बरे, एक तडकला तरी दोन उरतात.

एल क्वेस्ट्रोचा फाटा मागे टाकला की पेंटेकोस्ट नदी येते. जवळच कोबर्न डोंगररांगेची लाल भिंत. पात्र रुंद, तळ गोट्यांचा. इतर नद्यांत आधी पायी चालून खोली बघतात, इथे तसं करायचं नाही, कारण खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. काठावर थांबून पुढची गाडी कशी जाते ते बघायचं. थांबण्याचा दुसराही फायदा आहे: तापलेला डिफरन्शियल (चाकांना जोर वाटून देणारा, आसावरचा गिअरचा डबा) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. दहा मिनिटं निवू द्या, त्याला हवा देणाऱ्या ब्रीदरच्या नळ्या वर आणलेल्या असल्या तर उत्तम. मग लो रेंज (फोर-व्हील ड्राइव्हची कमी वेगाची, जास्त जोराची सोय), दुसरा गिअर, चालण्याहून थोडा जास्त वेग. बंपरपुढे एक लाट तयार होते, ती पुढे राहील एवढाच अॅक्सिलरेटर. मध्ये गिअर बदलायचा नाही. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवायचे. मुक्काम पाण्यापासून निदान ५० मीटर दूर, आणि भांडी काठावर घासायची नाहीत.

जूनमध्ये इथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. हे आधी लक्षात येत नाही आणि दिवसाचा बेत फसतो. कुंपण नसल्यामुळे संधिप्रकाशात गुरं आणि कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे सहाला निघून तीनच्या आत तंबू ठोकणं हाच शहाणपणा. भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा. कितीतरी कंपन्या खडीच्या रस्त्याला किंवा गावाबाहेर रात्री चालवण्याला विमा देत नाहीत. फोनला गावांबाहेर रेंज नसते, म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचा लोकेटर बीकन (संकटात उपग्रहाला ठिकाण कळवणारं यंत्र) किंवा सॅटेलाइट फोन ठेवा. बीकनची नोंदणी फुकट होते.

स्वयंपाकाची एक गोष्ट मराठी घरांना मुद्दाम सांगायला हवी. नॉर्दर्न टेरिटरीतून पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना कुननराआधी तपासणी नाका आहे. ताजी फळं, भाज्या, मध असं सगळं तिथे टाकून द्यावं लागतं. कांदा, बटाटा, आलं, लसूण, कढीपत्ता डार्विनहून नेऊन उपयोग नाही. कुननरात सुपरमार्केट आहे, तिथेच भरा. डर्बीपर्यंत रोडहाऊसच्या दुकानांत पाव, डबे, आइसक्रीम यापलीकडे फार अपेक्षा नको. कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून छोट्या पिशव्यांत गोठवून नेलं की फ्रिजलाही बर्फाचा आधार मिळतो. तीन लिटरचा कुकर हवाच. मूगडाळीची खिचडी दोन शिट्ट्यांत होते, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं.

थांबण्यासारख्या दऱ्या बऱ्याच, पण वेळ कमी असेल तर बेल आणि विंजाना. विंजानाच्या चुनखडीच्या भिंती म्हणजे ३५ कोटी वर्षांहून जुन्या, डेव्होनियन काळातल्या समुद्रातली प्रवाळभिंत. खाली वाळूत गोड्या पाण्याच्या मगरी ऊन खात पडलेल्या असतात. जवळच्या टनेल क्रीकमध्ये टॉर्च घेऊन, गुडघाभर पाण्यातून डोंगराखालून आरपार जाता येतं. इथल्या मूळ रहिवासी बुनुबा लोकांचा लढवय्या जांदामारा १८९७ मध्ये इथेच मारला गेला. डर्बीकडे येताना फुगीर बुंध्यांची बोआबची झाडं दिसतात. आपल्या राणीच्या बागेतल्या गोरखचिंचेचीच ही सख्खी भावंडं.

डर्बीपुढचं ब्रूम गाव मागे टाकलं की दुसराच प्रवास सुरू होतो. डांबर आहे, पण पोर्ट हेडलंडपर्यंतच्या ६१० किमीत मोजकी रोडहाऊस. मध्ये एटी माइल बीच, नाव ऐंशी मैलांचं आणि लांबी २२० किमी. इथे वाळूत हवा १६-१८ पीएसआयवर आणायची. थांबताना ब्रेक मारू नका, चाकांपुढे वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. नुसता पाय काढून गाडी थांबू द्यायची, वळण मोठं घ्यायचं. ब्रूमच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत १० मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणून भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय गाडी वाळूत उतरवू नये.

करिजिनी राष्ट्रीय उद्यानाकडे आत वळणार असाल तर स्पिनिफेक्स गवताकडे लक्ष द्या. त्याच्या काड्या आणि बिया गाडीखाली एक्झॉस्टच्या पत्र्यांमध्ये अडकतात, तापतात आणि गाडी पेट घेते. दोन चाकोऱ्यांमध्ये गवत माजलेल्या वाटेवरून गेलात तर दर अर्ध्या तासाला वाकून बघा. वाकडी केलेली तार आणि पाण्याचा फवारा हाताशी असू द्या. जुलैत रात्री तिथे चांगलीच थंडी पडते, साधी चादर पुरत नाही.

निंगालूला, म्हणजे एक्समाउथ गावाजवळच्या प्रवाळ किनाऱ्याला, केप रेंज राष्ट्रीय उद्यानातल्या तंबूच्या तळांचं आरक्षण १८० दिवस आधी उघडतं आणि हंगामातल्या जागा भराभर संपतात. ऑस्प्रे बे किंवा कुराजाँग मिळालं तर सोडू नका. पिण्याचं पाणी तळांवर नाही, एक्समाउथहून भरून न्या. जमीन चुनखडीची, प्लास्टिकच्या खुंट्या वाकतात. पोलादी खुंट्या आणि दीड किलोचा हातोडा घ्या, दुपारी नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो. टर्क्वॉइझ बेमध्ये दक्षिणेकडून पाण्यात शिरायचं, प्रवाह आपसूक उत्तरेला नेतो, खाली प्रवाळ आणि कासवं. वाळूच्या दांड्याआधी बाहेर पडायचं, कारण त्यापुढे प्रवाह प्रवाळभिंतीच्या फटीतून थेट खुल्या समुद्रात ओढतो. पट्टीचे पोहणारेही तिथे फसतात.

एक्समाउथ सोडण्याआधी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, नळी चॅसीच्या भोकांतही घाला. लाल माती आणि मीठ एकत्र राहिलं की पत्रा आतून कुजतो. हवा पुन्हा ३८. पुढचा पंप मिनिलियाला, सव्वादोनशे किमीवर, आणि त्यापुढे कार्नार्व्हनला गॅस्कॉइन नदीकाठी केळीच्या बागा आहेत. हंगामात रस्त्याकडेला केळी विकायला ठेवतात, पैसे डब्यात टाकायचे. सुट्टी नाणी जवळ ठेवा.